एम्प्टीची कार्डं

सगळी गल्ली त्यांना तोंडावर डिक्शनरीकाका म्हणायची आणि पाठीमागे खिसेकापू. दोन्ही नावं खरी होती. काकांसमोर कोणी सहज दोन शब्द जास्त बोललं की काकांचा हात स्वतःच्या खिशात जायचा, खिशातून पोस्टकार्डाएवढं कोरं कार्ड बाहेर यायचं, आणि बोलणाऱ्याचं वाक्य त्याच्या डोळ्यांदेखत पळवलं जायचं.

एकदा न्हावी दुसऱ्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "केसांचं मी बघतो हो, तुम्ही आधी डोकं जागेवर ठेवा." काका अर्ध्या दाढीचा फेस घेऊन खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "पुन्हा म्हणा जरा, सावकाश." आता, असं सांगितल्यावर ब्रह्मदेवालाही बोलता यायचं नाही. न्हावी गप्प झाला तो कायमचा. पुढे काकांची दाढी तो शोकसभेला उभं राहिल्यासारखा करायचा आणि काका दुकानाबाहेर पडले की घसा खाकरून मागचं सगळं बोलणं एकदम बोलून घ्यायचा.

काका कोशाच्या कचेरीत कामाला होते. कचेरी म्हणजे रंगाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, भिंतीभर लाकडी खण, प्रत्येक खणाला पितळी कडी, आणि खालून येणारा टर्पेंटाइनचा वास. इंग्रजी शब्द घ्यायचा, त्याला आपल्या भाषेत जेवढे शब्द असतील तेवढे गोळा करायचे, आणि कुठे कुठला चालतो ते वाक्यांनी दाखवायचं, असं काम. तेवीस वर्षांपूर्वी 'ए'पासून सुरुवात झाली होती आणि आता गाडी 'ई'वर आली होती. 'झेड' बघायला आपल्यापैकी कोणी नसणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यामुळेच कोणाला घाई नव्हती.

घाई होती ती फक्त मोठ्या बाईंना. मोठ्या बाई म्हणजे मुख्य संपादक. वय चौऱ्याहत्तर, चष्मा दोन, एक वाचायला आणि एक माणसांकडे बघायला. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम घालून दिला होता की मनातून वाक्य काढायचं नाही. ऐकलेलंच लिहायचं. "मनातलं वाक्य इस्त्री केलेलं असतं," बाई म्हणायच्या. "ऐकलेल्या वाक्याला सुरकुत्या असतात. मला सुरकुत्या पाहिजेत." म्हणून कार्डाच्या पुढच्या बाजूला वाक्य आणि मागच्या बाजूला चार रकाने. कोण बोललं, कुठे, कधी, कोणी ऐकलं. चारही भरले नाहीत तर बाई कार्ड वाचतसुद्धा नसत.

पूर्वी तिथे एक गृहस्थ होते. त्यांच्या प्रत्येक कार्डामागे 'कोण बोललं'च्या रकान्यात 'एक प्रवासी' असं लिहिलेलं असे. बाईंनी सहा महिने पाहिलं आणि एक दिवस विचारलं, "हा प्रवासी कधी उतरतो की नाही?" गृहस्थ रडले, वाक्यं घरी बसून रचली म्हणाले. बाईंनी त्यांची एकूण एक कार्डं काढून टाकली, खरी असतील तीसुद्धा. एक रचलेलं सापडलं की सगळीच संशयाची, असा त्यांचा हिशेब. काढलेल्या कार्डाचा कोपरा कात्रीने कापायचा, म्हणजे ते चुकून परत खणात जात नाही. त्या गृहस्थांची कोपरे कापलेली कार्डं कचेरीत पुढे कितीतरी दिवस चहाच्या पेल्यांखाली घालत होते.

आणि एखाद्या कार्डाबद्दल नुसती शंका आली, तर दुसरा कान. म्हणजे बाई स्वतः जाऊन ते वाक्य ऐकणार. एका कंडक्टरच्या वाक्यासाठी त्या दोन तास बसमध्ये उभ्या राहिल्या होत्या. ऐकलं तेव्हाच उतरल्या.

या असल्या नोकरीत काका तेवीस वर्षं टिकले याचं कारण एकच. त्यांना काकूंसारखी बायको मिळाली होती.

काकूंच्या तोंडाचा पट्टा सकाळी दुधाबरोबर सुरू व्हायचा. त्यात सुरकुत्या तर अशा, की बाई खूश होऊन जायच्या. भांडण रंगात आलं, काकूंना नेमका शब्द सापडला, की समोरच्या माणसाच्या हातात कार्ड. "हे लिहायचं नाही हं सांगून ठेवते," काकू म्हणायच्या, आणि तेही वाक्य लिहिलं जायचं. 'अँगर'खाली त्यांची सात कार्डं होती. 'बोअर'खाली अकरा. एकदा त्या काकांचा विसरलेला डबा घेऊन कचेरीत आल्या आणि मोठ्या बाईंना म्हणाल्या, "तुमच्या कोशात माझी चारशे वाक्यं आहेत, आणि माझ्या घरात तुमचा एक माणूस वेळेवर येत नाही." बाई त्या दिवशी हसल्या होत्या. कचेरीत ती तारीख अजून सांगतात.

'ए'पासून 'डी'पर्यंत काकूंची कार्डं झाली चारशे बारा. मग ऑगस्टमध्ये काकू गेल्या.

सकाळी सातची वेळ. काका बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. काकूंनी चहाचं आधण ठेवलं आणि स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाल्या. काका पेपरात होते. "काय गं?" त्यांनी विचारलं. उत्तर आलं नाही. त्यांनी पान उलटलं, पुन्हा विचारलं, "अगं, काय म्हणालीस?" मग आधण उतू गेल्याचा आवाज आला, म्हणून ते उठले.

डॉक्टर म्हणाले, क्षणात झालं, त्यांना कळलंही नसेल. लोक म्हणाले, भाग्याचं मरण. काकांनी सगळ्यांना मान डोलावली. तेवीस वर्षं बायकोचं एकेक वाक्य वेचलं, आणि शेवटचं तेवढं ऐकलं नाही, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. त्या दिवसाचं कार्ड मात्र त्यांनी केलं. मागे कोण बोललं ते लिहिलं, कुठे ते लिहिलं, कधी ते लिहिलं. चौथा रकाना आणि पुढची बाजू तशीच राहिली. ते कार्ड शर्टाच्या खिशात असायचं. शर्ट बदलला की कार्डही बदलीच्या शर्टात जायचं.

तर फेब्रुवारीत काकांच्या वाट्याला 'एम्प्टी' आला.

शब्द दिसायला साधा, म्हणजे नेमका छळणारा. 'एलेफंट'चं बरं असतं. एकदा हत्ती म्हटलं की सुटलो. 'एम्प्टी'च्या मागे मात्र त्याची सगळी भावकी येते. व्हेकंट, ब्लँक, हॉलो. आणि आपल्या बाजूला तर काय, वरातच. रिकामा, मोकळा, कोरा, पोकळ, रिता, ओस. सगळ्यांत काही नाही ते नाहीच, पण नसण्याच्या तऱ्हा वेगळ्या. पेपर कोरा असतो, पोकळ नसतो. हात रिते असतात, ओस नसतात. पण का नसतात, हे ऐकलेल्या वाक्यांनी दाखवायचं होतं, महिनाअखेरच्या आत.

काका कान घेऊन बाहेर पडले. शाळेतल्या मास्तरांनी एक दिलं, "पेपर कोरा दिलाय, पण नाव काय सुंदर अक्षरात लिहिलंय." सुताराने दाराची चौकट ठोकून दुसरं दिलं, "वरून बघाल तर फसाल, आतून पोकळ आहे." बसमध्ये मुंगीला पाय ठेवायला जागा नसताना कंडक्टर ओरडला, "मागे सगळं मोकळं आहे, मागे चला." हे कार्ड वाचून मोठ्या बाई म्हणाल्या, "हे 'एम्प्टी'खाली नको. 'एच' आला की 'होप'खाली घाला."

रिकामा आणि मोकळा यांचं मात्र जमेना. जो तो एकाच्या जागी दुसरा वापरायचा. काकांच्या टेबलासमोर टायपिस्ट बसायचा. तो प्रत्येक वाक्यात तीनदा थांबून दम घ्यायचा म्हणून त्याला स्वल्पविराम म्हणत. त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "फरक, म्हणजे, असणार, पण, मला नाही, सांगता यायचा."

त्याच आठवड्यात परगावाहून मुलीचा फोन आला. आईच्या मागची आवराआवर करत ती दिवाणखान्यापर्यंत पोचली होती आणि रजा संपली म्हणून परत गेली होती. स्वयंपाकघर राहिलं होतं.

"बाबा, फळीवरचे ते रिकामे डबे देऊन टाका ना कोणाला तरी. जागा मोकळी होईल."

"पुन्हा म्हण," काका म्हणाले.

"बाबा, मी कार्ड नाहीये."

पण एका वाक्यात दोन्ही शब्द आले होते. काकांनी लिहून घेतलं. मुलगी, फोनवर, संध्याकाळी सहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधण ठेवून काकांनी स्टुलावर चढून डबे उतरवले. एकेक करून दाराशी नेऊन ठेवले. शेवटचा डबा पत्र्याचा होता, झाकणाला पोचा आलेला. काकूंचा खास. त्यात काय असायचं हे काकांना कधी कळलं नव्हतं, कारण विचारलं की काकू म्हणायच्या, "तुमचं काही नाही." झाकण काढलं. आत काही नव्हतं. काका तो घेऊन दाराकडे वळले, आणि पाठीमागून, ओट्याच्या बाजूने, आवाज आला.

"रिकामा आहे, मोकळा नाही."

काकांनी डबा खाली ठेवला नाही, ते किंचाळलेही नाहीत. तेवीस वर्षांची सवय. डबा काखेत धरला, खिशातून कार्ड काढलं, वाक्य लिहिलं. मग कार्ड उलटून रकाने भरले. बायको. स्वयंपाकघर. सकाळी सात वाजून पाच मिनिटं, आजची तारीख. मी. चौथा रकाना भरून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय लिहिलंय. ते डबा मांडीवर घेऊन फरशीवरच बसले. आधण आटून भांडं करपलं.

त्यांनी डबा परत फळीवर ठेवला.

भीती वाटली का? वाटली. पण भुताची जी वाटते तशी नाही. भूत पांढरं असतं, पाय उलटे असतात, रात्रीचं येतं. हे सकाळी सातला येत होतं, चहाच्या वेळेला, आणि चुका काढत होतं. काकांना भीती वाटली ती उद्या येणार नाही याची.

पण दुसऱ्या दिवशी आलं. दूध नव्हतं, काकांनी बिनदुधाचा चहा कपात ओतला, आणि, "कोरा चहा पिताय? दूध संपलेलं कळत नाही का माणसाला?" दोन दिवसांनी, "सिलिंडर वाजवून बघा. पोकळ वाजतोय. संपत आलाय." काकांनी वाजवून पाहिला, त्यांना काही कळलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी गॅस गेला. शनिवारी ते भल्या सकाळी बाजारातून आले तर, "आलात ना रित्या हातांनी? पिशवी तेवढी घडी घालून परत आणलीत." एका सकाळी भाजी निवडायला उघडून ठेवली आणि फोन आला म्हणून विसरले, तेव्हा, "माझे हात मोकळे नाहीत आता. तुम्हीच निवडा." आणि एकदा काका दाराच्या चौकटीला टेकून नुसतेच उभे होते. घर भयंकर शांत होतं, शेजारच्या नळाची धार तेवढी ऐकू येत होती. तेव्हा आवाज जरा हळू आला. "घर ओस कुठलं? ओस पडायला सगळ्यांनी जावं लागतं. तुम्ही आहात ना उभे."

सहा कार्डं झाली. दिसायचं काही नाही. काका वळून बघायचे तर ओटा, पातेलं, खुंटीवरचं फडकं. विषय मात्र 'एम्प्टी'चाच. काकांनी एकदा धीर करून विचारलं, "अगं, त्या दिवशी तू काय म्हणालीस? ऑगस्टमध्ये?" त्यावर काही नाही. दोन दिवस अबोला. काका समजायचं ते समजले. शब्द चालू आहे तोवर बोलणं चालू आहे. शब्द बंद झाला की बोलणंही बंद. आणि बोलणं चालू राहिलं तर एखाद दिवशी, बोलण्याच्या ओघात, ते ऑगस्टचं वाक्यही पुन्हा येईल. माणसं एकच गोष्ट पुन्हापुन्हा बोलतात. काकू तर हमखास.

म्हणून काकांनी 'एम्प्टी' बंदच केला नाही. महिनाअखेर उलटली. स्वल्पविरामने 'एंड' घेतला, 'एनिमी' घेतला, तो 'एन्जॉय'पर्यंत गेला. काका 'एम्प्टी'त बसून. "अजून एक छटा मिळतेय," असं बाईंना सांगायचे. बाई दुसऱ्या चष्म्यातून बघायच्या आणि जायच्या.

सापडलं ते स्वल्पविरामला. कार्डामागचे रकाने वहीत टाइप करायचं काम त्याचं. एक दिवस तो काकांच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"काका, एक, विचारू? रागावू, नका. तारीख चुकलीय."

"कुठल्या कार्डावर?"

"सहा, सहांवर." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "मी ऑगस्ट करू? म्हणजे, जुलै. जुलै करतो. कोणाला, कळणार नाही."

काका म्हणाले, "तारीख बरोबर आहे."

स्वल्पविराम आयुष्यात पहिल्यांदा एका दमात बोलला, "मग मला बाईंना दाखवावं लागेल."

बाईंनी दार लावून घेतलं. टेबलावर सहा कार्डं पत्त्यांसारखी मांडलेली होती.

"अक्षर तुमचं?"

"हो."

"वाक्यं?"

"माझी नाहीत."

"मग कोणाची?"

"मागे लिहिलंय, बाई."

"मला वाचता येतं." बाईंनी माणसांकडे बघायचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघा. तुम्ही म्हणा की मी रचली. दुःखात माणूस काहीही करतो. आपण सहा कार्डं काढू आणि विसरून जाऊ."

"सहाच?"

बाई मांडलेली कार्डं सारखी करायला लागल्या.

"त्या प्रवाशाच्या वेळी तुम्ही सगळी काढली होतीत," काका म्हणाले. "खरी होती तीसुद्धा. मी रचली म्हणालो, तर 'ए'पासूनची माझी सगळी जाणार. तिची चारशे बारा त्यातच आहेत."

नियम बाईंचा होता. त्यांनी पेपरवेट उचलला, दुसरीकडे ठेवला. "आणि ऐकली म्हणालात, तर मला तुमच्या मुलीला फोन करायला पाहिजे. तिला सांगायला पाहिजे की वडिलांना घेऊन जा. हे तरी कळतंय ना?"

"कळतंय."

"मग?"

काकांनी खिशावरून हात फिरवला. आत ते एक कार्ड होतं. मुलीकडे गेलं तर घर जाणार, स्वयंपाकघर जाणार. नोकरी जाईल ती वेगळीच. आणि रचली म्हटलं तर काकूंचे कोपरे कापले जाणार, चारशे बारा वेळा.

"ऐकली," ते म्हणाले.

बाईंनी बराच वेळ खिडकीतून खाली रंगाच्या डब्यांकडे पाहिलं. मग वही उघडली आणि उद्याच्या तारखेखाली काहीतरी लिहिलं. "ठीक आहे. दुसरा कान. उद्या सकाळी सात. पत्ता सांगा."

सकाळी पावणेसातला मोठ्या बाई तीन जिने चढून आल्या. प्रत्येक मजल्यावर थांबल्या, आणि थांबल्या नाहीत असं दाखवायला प्रत्येक मजल्यावर कोणाची तरी पाटी वाचली. स्वयंपाकघरात आल्या, स्टुलावर बसल्या, पिशवीतून कार्ड आणि पेन काढलं.

"रोज कुठे उभे असता?"

"इथे. गॅसपाशी."

"मग उभे राहा."

काकांनी आधण ठेवलं. पाणी तापायला लागलं. शेजारचा नळ सुरू झाला, बंद झाला. खाली कोणीतरी स्कूटरला लाथा मारत होतं. बाईंचं पेन कार्डापासून बोटभर वर, तसंच. काकांची अवस्था अशी झाली, की पाहुण्यांसमोर मुलीला कविता म्हणायला उभं करावं आणि तिने ओठ घट्ट मिटून घ्यावेत. त्यांनी सिलिंडर वाजवून पाहिला. मुद्दाम दुधाचं भांडं उपडं ठेवलं. काही नाही. पाच मिनिटं, दहा, पंधरा. पाणी उकळून उकळून निम्मं झालं. त्यांनी त्यात पत्ती टाकली, नुसतं हाताला काम म्हणून.

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "होतं असं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज काकांनी कधी ऐकला नव्हता इतका मऊ होता. तेवढ्याने काकांना सगळं कळलं. आता फोन होणार.

"चहा घ्या तेवढा," ते म्हणाले आणि कप काढायला वळले.

बाईंनी येताना बिस्किटं आणली होती. कागदाची पुडी, सुटत आलेली. ती कशात घालावी म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. फळीवर पोचा आलेला पत्र्याचा डबा दिसला. त्या उठल्या, हात वर केला.

"हा रिकामाच दिसतोय—"

"रिकामा आहे, मोकळा नाही."

बाईंचा हात चटका बसावा तसा मागे आला. काकूंच्या स्वयंपाकघरात परक्याचा हात असाच मागे यायचा.

काका पाठमोरे होते, दोन्ही हातांत कप. ते सावकाश वळले. बाई त्यांच्याकडे बघत होत्या. बाईंच्या नाकावर वाचायचा चष्मा होता, म्हणजे त्यांना समोरचं धड दिसत नसणार.

"तुम्ही बोललात?" बाईंनी विचारलं.

काकांनी खरंच विचार केला. ओठ उघडे होते. पण उघडे आत्ता होते की आधीपासून, ते त्यांना सांगता येईना. "माहीत नाही, बाई," ते म्हणाले. "आवाज कोणाचा वाटला?"

"ते मला विचारू नका. मी ऐकणारी."

बाईंनी घड्याळात पाहिलं, टोपण काढलं, उभ्याउभ्याच कार्ड लिहिलं. चहा पूर्ण प्यायल्या. तो कडू झाला होता, तरी. बिस्किटांची पुडी पिशवीत परत घातली. जाताना डब्याकडे त्यांनी पाहिलं नाही, पण दारातून वळून ओट्याकडे मात्र, एखाद्या घरातून निघताना बाईमाणसाला "येते हं" म्हणतात तशी, मान हलवली. हलवली असं काकांना वाटलं.

अकरा वाजता त्यांनी काकांना खोलीत बोलावलं. टेबलावर नवं कार्ड होतं, बाईंच्या अक्षरात, वर 'तपासलं'चा शिक्का. काकांनी ते उलटलं. कुठे, स्वयंपाकघर. कधी, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. कोणी ऐकलं, मी. आणि बाईंची सही.

"बाई, पहिला रकाना राहिला."

"राहिला नाही," बाई म्हणाल्या. "कोरा ठेवलाय."

तेवीस वर्षांत बाईंनी रकाना सोडलेला काकांनी पाहिला नव्हता.

"दुसरा कान एकाच वाक्याला मिळालाय," बाई पुढे म्हणाल्या. "त्याचं तुमचं जुनं कार्ड आणि बाकीची पाच काढा. कोपरे तुम्हीच कापा. आणि 'ए' ते 'डी'चे खण मी उघडत नाही, माझ्या हातून आता एवढं वर चढणं होत नाही." 'ए'चा खण बाईंच्या कमरेइतक्या उंचीवर होता. "फोनही केलेला नाही. एकच सांगते. शब्द आज बंद करायचा."

"आज?"

"आज. बोलायला कोणाला किती दिवस उभं ठेवायचं, यालाही काही मर्यादा आहे की नाही?"

काकांनी संध्याकाळपर्यंत वेळ काढला. कार्डं लावली, पुन्हा लावली. रिकामा, मोकळा, कोरा, पोकळ, रिता, ओस. सगळ्यांत वर बाईंचं कार्ड. मग गठ्ठ्याला दोरा बांधला, गाठ मारली, आणि स्वल्पविरामच्या टेबलावर ठेवला. सहा कोपरे कात्रीने कापले. कात्री बोथट होती, वेळ लागला.

"काका," स्वल्पविराम म्हणाला, "ही, पेल्यांखाली, घालत नाही मी. घरी न्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काकांनी आधण ठेवलं. पेपर बाहेरच्या खोलीत घडी न मोडता पडला होता. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. पाणी उकळलं. चहा झाला. कोरा झाला, त्यांनी मुद्दामच दूध घातलं नव्हतं. कोणी काही म्हणालं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभर नाही.

रविवारी त्यांनी पत्र्याचा डबा उतरवला आणि कोपरे कापलेली सहा कार्डं आत ठेवली. मग खिशातलं सातवं काढलं, ज्यावर बोलणारीचं नाव होतं, जागा होती, वेळ होती, आणि वाक्य नव्हतं. चौथ्या रकान्यात, 'कोणी ऐकलं' तिथे, त्यांनी लिहिलं, 'कोणी नाही.' कार्ड आत टाकलं आणि झाकण लावलं.

मुलीचा फोन आला. "बाबा, ते डबे दिलेत का?"

"दिले. एक ठेवलाय."

"कुठला? तो पोचा आलेला? रिकामाच आहे ना तो?"

काका फोन धरून ऐकत राहिले. फोनवर नव्हे, ओट्याकडे कान देऊन. नळ गळत होता. बाकी काही नाही.

"बाबा? ऐकताय ना?"

"ऐकतोय," काका म्हणाले. "तू बोल. मी ऐकतोय."